सुईणीचा आवाज

९ फेब्रुवारी

चि. घुमीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी बरी आहे. निदान तुझ्या आईला कळवण्याइतकी तरी बरी आहे. छातीच्या डॉक्टरांनी बोलण्यावर बंदी घातली आहे, एवढंच. फुप्फुसं म्हणे थकली आहेत, श्वास जपून वापरा. एकदा फोन उचलला की मी तो लवकर खाली ठेवत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे, पण पहिली गदा फोनवरच आली. मग उरलं पत्र. अंगठ्याने टकटक करून निरोप पाठवायचा म्हणजे मला वाण्याला यादी पाठवल्यासारखं वाटतं, म्हणून कागद काढला. तूही पत्रानेच उत्तर दे. उशीला टेकून वाचायला काहीतरी हवं.

तुझी निवड झाल्याचं निर्मात्याने स्वतः येऊन सांगितलं. नऊ वर्षं मी मालिकेतली ती डोंगरातली सुईण वागवली, रोज संध्याकाळी सातला लोकांच्या घरात शिरून बाळंतपणं केली. आता ती दुसरीच्या अंगात जाणार म्हटल्यावर वाईट वाटलं नाही असं म्हणाले, तर खोटं ठरेल. वाटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण भलतीच कोणी बया येण्यापेक्षा माझ्या बहिणीची मुलगी आली, आणि नाक तर तू माझंच घेऊन जन्माला आलीस, हे काय थोडं झालं? लोकांना चेहरा फार परका वाटणार नाही, असं निर्माताही म्हणाला.

दोन-चार गोष्टी सांगून ठेवते. ही बाई कधी धावत नाही. आत किंकाळ्या चालू असल्या तरी चालतच जाते, कारण धावत येणारी सुईण बघितली की बाळंतीण जास्त घाबरते. हात पुसल्याशिवाय ती कोणाशी बोलत नाही. कपडे सांभाळणाऱ्या बाईंना सांग, डावा खांदा सैल ठेवा, नाहीतर बाळ उचलताना कापड ओढलं जातं. बोलीचं मात्र तुला मी काय सांगायचं? इतर नट्या डोंगराची बोली शिकायला महिनेच्या महिने घालवतात. तू तिथेच जन्मलीस, तिथेच वाढलीस, आणि तुझी आई अजून तिथल्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून त्याच बोलीत गाड्या पुकारते. मी नऊ वर्षं आपल्या घरचंच बोलले. तूही घरचंच बोल. नाटकात काम मिळावं म्हणून शहरात येऊन जीभ घासूनपुसून गुळगुळीत केलीस, ते आता विसर.

भूमिका गेली म्हणून मावशी जुनी झाली असं समजू नकोस. माया होती तेवढीच ठेव, जमल्यास थोडी वाढव.

तुझी,
मावशी


२ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मेकअपच्या खोलीत आरशाला टेकवून ठेवलं आहे. आरशासमोरच्या तुझ्या खुर्चीवर मी अजून बसत नाही, कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेते. बस म्हणून कोणी सांगत नाही, नको म्हणूनही कोणी सांगत नाही. दिवे लावणारे काका सकाळी ताई आल्या का असं विचारतात आणि मग जीभ चावतात. माणसं वाईट नाहीत ग. त्यांची सवय मोडायची आहे, एवढंच.

पण बाहेरची माणसं काय बोलतात ते तुला कोणी सांगितलं का? माझे भाग दाखवायला लागून दोन आठवडे झाले. चेहऱ्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती बोलण्याबद्दल. एकाने लिहिलं की ही बाई डोंगरात निदान सहलीला तरी गेली आहे का. एकीने तुझं एक वाक्य आणि माझं एक वाक्य शेजारी शेजारी लावून खरी डोंगरातली कोण असं विचारलं, तर झाडून सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला ओळखलं, सुटे परत दिले आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या की मन लावून शिका, येईल. एका शिक्षकांनी तर वाहिनीला सभ्य भाषेत कळवलं आहे की डोंगरातल्या लोकांची अशी नक्कल करणं हा त्यांचा अपमान आहे.

मावशी, मी आईसारखं बोलते. शब्द खालच्या पट्टीत सुरू करायचा, मधे घाई नाही, आणि शेवटचा शब्द अलगद खाली ठेवायचा. लहानपणापासून कानात तेच आहे. शहरात आल्यापासून पहिल्यांदाच घरच्या जिभेने बोलायला मिळालं आणि नेमकं तेच खोटं ठरलं. दिग्दर्शक रोज सांगतात, जरा डोंगराळ बोला. आणखी किती डोंगराळ बोलू? लेखकाला दोन गोष्टी तयार ठेवायला सांगितल्या आहेत असं कानावर आलं. एकीत सुईण पुढे चालू राहते, दुसरीत पाय घसरून दरीत पडते.

मुलांच्या नाटकात मी इतकी वर्षं खारी आणि झाडं झाले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ही बाई मला हवी आहे. तुझी होती म्हणून नाही, तिच्या तोंडी आपल्या घरचं बोलणं आहे म्हणून हवी आहे. हे मी आईला लिहिलेलं नाही. तिला वाटतं इथे सगळं सुरळीत आहे.

औषधं वेळेवर घे. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
घुमी


९ मार्च

चि. घुमीस,

अ. आ. रडूबाई, डोळे पूस आणि पुढचं वाच. मी जेव्हा या भूमिकेत आले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. एकाने तर या बाईच्या हातून मांजरसुद्धा विणार नाही असं लिहिलं होतं. पुढे त्याच लोकांनी आपल्या मुलींच्या दिवसांत मला सल्ले विचारले. मी कसले सल्ले देणार, कपाळ! गरम पाणी प्या म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

तुझे भाग बघते आहे. चालणं उत्तम. हात पुसणं तर माझ्यापेक्षा चांगलं. बोलण्याचं म्हणशील तर, उगाच गोड बोलणार नाही, ऐकताना मलाही कुठेतरी खटकतं. वाक्य संपतं आणि मला वाटतं अजून काहीतरी राहिलं. शेवट थोडा लांबवून बघ. जिना उतरताना कठड्यावरून हात सरकत जातो, तसा आवाज सरकू दे. मी तसंच करते, आणि मला वाटतं आपल्याकडे तसंच बोलतात.

परवा निर्माता आला होता, फळांची भली मोठी टोपली घेऊन. इतकी फळं मी खाल्ली तर डॉक्टरांना दुसरं काही शोधून काढावं लागेल. बराच वेळ बसला. माझ्या श्वासाची चौकशी केली, तुझी काळजी वाटते म्हणाला. बाकी काही नाही.

दरीबिरी मनातून काढून टाक. लोभ आहेच, धीर तेवढा तुझ्या बाजूने असू दे.

तुझी,
मावशी


६ एप्रिल

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि. गेल्या महिन्यात शूटिंग करताना दिग्दर्शक मला एक नवीनच सूचना द्यायला लागले. वाक्य संपलं की तोंड लगेच मिटू नका, ओठ थोडा वेळ उघडे ठेवा. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले की चेहरा बोलका दिसतो. मला पटलं. मी आज्ञाधारकपणे प्रत्येक वाक्यानंतर माशासारखं तोंड उघडं ठेवत होते.

काल सातला मेकअपच्या खोलीत सगळ्यांबरोबर तो भाग बघितला. पडद्यावर मी बोलत होते आणि आवाज तुझा होता. माझा शब्द संपत होता तिथे तुझी लांबलेली शेपटी सुरू होत होती, आणि ती मावावी म्हणून माझं तोंड उघडं. खोलीत कोणी माझ्याकडे बघेना. दिवे लावणारे काका उठून बाहेर गेले. त्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त जिचं तोंड होतं तिला माहीत नव्हतं.

फळांची टोपली, श्वासाची चौकशी, बाकी काही नाही. तू मला असं लिहिलंस मावशी. डॉक्टरांनी तुला माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलायची बंदी केली आणि भागच्या भाग बोलायला तुझ्याकडे श्वास होता. त्यांनी दुसऱ्या कोणाचा आवाज लावला असता तर मी भांडले असते. तुझ्याशी कशी भांडू? लोक तर खूश आहेत. सगळीकडे एकच लिहिलेलं आहे, आता जिवात जीव आला, आता आमची सुईण परत आली. नव्या बाईंनी गप्प उभं राहावं, तेवढं त्यांना छान जमतं, असंही एकाने लिहिलं आहे. तुम्ही सगळ्यांनी लहानपणी माझं नाव घुमी ठेवलंत. आता ते पुरतं खरं केलंत.

मला तुझा राग आला आहे. लपवत नाही. तरीही औषधं घे.

घुमी


११ एप्रिल

चि. घुमीस,

अ. आ. राग रास्त आहे. मी सारवासारव करणार नाही. निर्मात्याने विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं, कारण मला ती बाई परत हवी होती. पलंगाजवळ मायक्रोफोन आला, खिडकीला गादी टेकवली, दारावर रजया टांगल्या, आणि मी दोन महिन्यांनी पहिल्यांदा जिवंत झाले. तुझा विचार मनात आला होता. मी त्याला बाहेर बसवलं. आणखी एक सांगते. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा कोणाचा तरी आवाज आणला असता, नाहीतर तुला दरीत ढकललं असतं. हे खरं आहे, पण मी हो म्हटलं त्याचं कारण हे नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी ध्वनिमुद्रकाला माझा अगदी पहिला भाग लावायला सांगितला. पहिल्या वर्षीची मी आणि नवव्या वर्षीची मी. पहिल्या वर्षी मी हुबेहूब तुझ्यासारखं बोलत होते ग. ताईसारखं, तुझ्या आईसारखं. पुढे एकदा कुठेतरी शेवट जरा लांबला, लोकांना आवडला, मी आणखी लांबवला. वर्षं गेली आणि त्या लांबणीलाच लोक डोंगर समजायला लागले. लोकांचं जाऊ दे, मी स्वतः समजायला लागले. ज्या घरात जन्मले त्या घरचं बोलणं मला खटकलं, आणि वर तुला शहाणपण शिकवलं.

मला थोडे महिने दे. कशाला ते विचारू नकोस. तुझ्या आईला बोलावून घेतलं आहे, ती रजा काढून येते आहे.

रागाच्या खाली माझ्यासाठी काही उरलं असेल तर ते राखून ठेव.

मावशी


२८ मे

चि. घुमीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मावशीकडे येऊन मला महिना होऊन गेला, आणि हे घर आहे की कारखाना ते अजून समजलं नाही. रेकॉर्डिंगवाला आला की फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ उचलून मोरीत. फ्रिज चालू करायची आठवण कोणाला राहत नाही आणि दूध नासतं. काल मी जोरात शिंकले तर धाकटीने माझ्याकडे असं बघितलं की पुढची शिंक मी गिळली. सकाळी डॉक्टर येऊन बोलू नका म्हणतात, दुपारी रेकॉर्डिंगवाला येऊन बोला म्हणतो, आणि ती दोघांनाही मान डोलावते.

तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलं आहे, ते कळायला मला चौकशीच्या खिडकीत बसावं लागत नाही. तुझं नाव काढलं की ती पांघरूण सारखं करते. मी विचारणार नाही. पण एक गंमत सांगते. दुपारचं काम सुरू व्हायच्या आधी ती मला ते संवाद वाचायला लावते. मला! मी म्हटलं, अग मी गाड्या पुकारणारी बाई. तर म्हणाली, ताई, तसंच वाच. गाडी चुकलेल्या माणसाला पुढची गाडी कधी आहे ते तू जसं सांगतेस, तसं. मग मी वाचते. ती डोळे मिटून ऐकते. पुन्हा वाच म्हणते. मग मायक्रोफोनसमोर बसते आणि ते वाक्य बोलते, तेव्हा कधी माझ्यासारखं येतं, कधी येत नाही. आलं नाही की स्वतःवर चिडते, धाप लागते, आणि मी पाठ चोळत बसते. परवा एका वाक्याला रेकॉर्डिंगवाल्याने सांगितलं की झालं, छान झालं. ती म्हणाली, नाही, अजून माझंच आहे.

या बाईला एवढी वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि आता उतारवयात हिला माझी बोली कशाला हवी, ते तूच सांग. माझं डोकं चालत नाही. एवढं दिसतं की ती खंगत चालली आहे. जिना तर केव्हाच सुटला, आता खोलीतल्या खोलीतही भिंत धरते. जमेल तेव्हा येऊन जा. आणि राग असला तर उंबऱ्याबाहेर ठेवून ये, इथे आधीच ठेवायला जागा नाही.

जीव लावला आहे तो दोघींना सारखाच. पत्र टाक.

आई


२१ जून

चि. घुमीस,

अ. आ. परवा तू आलीस, बसलीस, केस विंचरून दिलेस. ताई समोर होती म्हणून बोलता आलं नाही. तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. विचारेल त्याला सांगणं हीच तिची नोकरी, तिला दोष कसा द्यायचा? म्हणून लिहिते. अक्षर बघून हसू नकोस, पडल्या पडल्या लिहिते आहे.

आता तुला वाक्यानंतर तोंड उघडं ठेवायला सांगत नाहीत, असं तू जाताना सहज म्हणालीस. मला त्या क्षणी उठून नाचावंसं वाटलं. दुधात पाणी घालणारा एकदम तांब्या ओतत नाही. आज एक पळी, पुढच्या आठवड्यात आणखी एक. पिणाऱ्याच्या जिभेला पत्ता लागत नाही. मी ते उलटं केलं. नऊ वर्षांत माझं जे पाणी पडलं होतं ते एकेक पळी काढत आले. दर आठवड्याला शेपटी थोडी आखूड केली. कोणालाही कळलं नाही. एकही तक्रार नाही, ध्वनिमुद्रक सगळं वाचून दाखवतो. आज मी बोलते ते ताईचं आहे, म्हणजे तुझं आहे. आवाज खंगून बारीक झालाय, तोही तुझ्याजवळ आलाय. लोकांच्या कानाला आता घर ओळखीचं झालं आहे. आत जायचं काम तुझं.

जुलैच्या शेवटापर्यंत पुरतील इतके भाग होतील असं वाटतं. त्याच्या पुढे मी असले तरी बोलू शकणार नाही, आणि बहुतेक नसेनच. हे मी रडवायला लिहीत नाही, तारीख कळावी म्हणून लिहिते. त्यानंतर तू शूटिंगमध्ये बोलतेस तोच आवाज राहू द्यायचा, असं ध्वनिमुद्रकाशी ठरलं आहे. निर्मात्याला काही सांगू नका. आधी लोकांना ऐकू दे. चार-सहा आठवडे त्यांनी तुझा आवाज माझा म्हणून ऐकला की मग सांग, किंवा नको सांगूस. ते तुझं तू ठरव. मी एकदा तुझ्या वतीने ठरवलं, तेवढं पुरे झालं.

मला शेवटी ती बाई परत मिळाली नाही. पण ताईचं बोलणं परत मिळालं. सुरुवातीला ते मिळवायला निघाले नव्हते.

लोभ होता, आहे. पुढचा हिशेब तुझ्याकडे.

तुझी,
मावशी


१८ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,

शि. सा. न. वि. वि. मावशी गेली त्याला आता महिना उलटला. तू परत गावी जाऊन खिडकीत बसायला लागलीस हे बरं झालं. इथे रोज काहीतरी येतं. फुलं येतात, लहान मुलांनी काढलेली चित्रं येतात. एका बाईने मालिका बघून मुलीला सुईणीचं नाव ठेवलं होतं, ती त्या मुलीला घेऊनच आली. मी त्या मुलीला मावशीच्या खुर्चीत बसवलं.

आई, तुला एक सांगायचं आहे. सांगावं की नाही यात आठवडा गेला. मावशीने मला तुझ्यापासूनही लपवायला सांगितलं होतं.

तिचे भाग जुलैबरोबरच संपले. ऑगस्टच्या पहिल्या दिवसापासून जो आवाज येतो तो माझा आहे. तुझ्याकडून वाचून घेत होती ते याचसाठी. लोकांना तुझ्या बोलीची सवय लागावी आणि मग मी बोलले तरी कोणाला खटकू नये, म्हणून. मी आणि ध्वनिमुद्रक सोडून हे कोणाला माहीत नाही. लोकांना वाटतं ती पुढचे बरेच भाग बोलून गेली आहे. आणि लोक रोज ऐकतात, आधी कधी ऐकलं नव्हतं इतकं मन लावून ऐकतात.

चौदा तारखेच्या भागात ती अडलेली पोर आत एकटी असते आणि सुईण तिला सांगते की भिऊ नकोस, मी दारातच आहे. तेवढंच वाक्य. त्या वाक्यावर लोकांनी पानं भरली. एकाने लिहिलं की शेवटच्या दिवसांत त्या किती दमल्या असतील, तरी शब्द कसा अलगद ठेवला, नव्या बाईंनी जन्मभर घासलं तरी हे यायचं नाही. ज्या शिक्षकांनी माझी तक्रार केली होती त्यांनीच कळवलं की हा डोंगराचा अस्सल आवाज होता, तो आता कायमचा गेला. मी ते वाचून हसले आणि मग मला हसू आवरेना, आणि मग दुसरंच काही आवरेना.

निर्मात्याला या महिन्याच्या शेवटी तिच्या आवाजातला अखेरचा भाग म्हणून जाहिरात करायची आहे. काळ्या चौकटीत फोटो, वर तेच दारातलं वाक्य. त्यानंतर माझ्यासाठी बोलायला एक शहरातली मुलगी ठरवली आहे. शेवट लांबवते म्हणे छान. मी आता गप्प बसले तर माझं बोलणं कायमचं गेलं. आणि बोलले, तर जी माणसं तिच्यासाठी रडली त्यांना सांगायचं की तुम्ही रडलात तेव्हा ती नव्हतीच. मावशी म्हणाली तुझं तू ठरव. मला एकटीला ठरवता येत नाही ग. तू सांगशील ते करेन.

जेवत जा. तुझ्या पायांवर डोकं ठेवून,

घुमी


२३ ऑगस्ट

चि. घुमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल दुपारी आलं. खिडकीतच फोडलं. चारची गाडी पुकारायची राहून गेली. ड्रायव्हरने येऊन काचेवर टकटक केली तेव्हा भानावर आले. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मला राग आला, आधी ते लिहिते. धाकटी गेल्यापासून मी रोज सातला दाराला कडी घालून टीव्हीसमोर बसत होते. शेजारीण एकदा सोबत म्हणून आली, तिलाही घालवून दिली. किती भाग बोलून ठेवलेत ते मी कोणाला विचारलं नाही, मुद्दामच विचारलं नाही. जोवर आवाज येतो आहे तोवर ती कुठेतरी परगावी आहे, असं धरून चालले होते. पडद्याकडे बघायचेच नाही. डोळे मिटून ऐकायचे, मधेमधे उत्तरही द्यायचे. त्या दिवशी ती म्हणाली मी दारातच आहे, तर मी इथे बसून म्हटलं, हो ग बाई, आहेस. आणि ती तू होतीस.

एकीला आईमागे मी वाढवलं, दुसरी माझ्या पोटची. रोज लाऊडस्पीकरवरून सगळ्या गावाला गाड्या सांगणारी मी, आणि मला माझ्या घरातले दोन आवाज वेगळे ओळखता आले नाहीत. काल सातला टीव्ही लावला नाही. माझ्यापुरती धाकटी काल गेली. दवाखान्यातून तिला आणली तेव्हा सगळे रडत होते आणि मी चहा करत होते. ते राहिलेलं काल रडून घेतलं.

सकाळी उठले तेव्हा राग उरला नव्हता. आता तू विचारलंस त्याचं सांगते. सांगून टाक. लोकांना तिचा आवाज अजून हवा आहे, ते मला कोणी समजवायला नको, मलाही हवा होता. पण त्यांनी तुझ्या शब्दाला रडायचं आणि त्याच तोंडाने तुला नावं ठेवायची, आणि तू ऐकून घ्यायचं, यासाठी धाकटीने एकेक श्वास मोजून खर्च केला नाही. मी तिची पाठ चोळत होते, मला माहीत आहे एकेक वाक्य तिला केवढ्याला पडायचं. निर्मात्याला खुशाल तिचा फोटो लावू दे, पण त्यावर तिचंच वाक्य लाव म्हणावं, तुझं नको. साध्या शब्दांत सांग की जुलैपर्यंत मावशी होती, ऑगस्टपासून मी आहे. शहरातल्या मुलीला चहा पाजून परत पाठवा. लोक चिडतील. मीही चिडले. माझं एका रात्रीत उतरलं, त्यांना जरा जास्त दिवस लागतील, लागू देत.

आणि वाईट वाटून घेऊ नकोस की आई फसली. मी फसले नाही. बहीण म्हणून जिला ऐकत होते ती मुलगी निघाली, एवढंच झालं. कोणाच्या तरी घरी याहून वाईट होतं.

ओढ आहे ती आहे, लिहिल्याने वाढत नाही आणि न लिहिल्याने कमी होत नाही. तरी लिहीत जा.

आज सातला टीव्ही लावणार आहे. डोळे उघडे ठेवून बघणार आहे.

तुझी,
आई